पूर्ण आदर राखून

संध्याकाळच्या चर्चेत आपल्यासमोर कोण बसणार, हे मुनीफना अम्मानच्या स्टुडिओत पोचल्यावरच कळलं. डॉक्टर ताहेर, म्हणजे यझनचा बाप. तोच यझन, ज्याच्यासाठी शुक्रवारी थोरामोठ्यांचा घोळका मुनीफच्या एकुलत्या लेकीला, सुहाला, मागणी घालायला येणार होता.

सुहाचा फोन आलाच. "बाबा, माझी शपथ आहे. आज भांडू नका."

मुनीफ जन्माचे भांडखोर. पण लेकीपुढे कुणाचं काय चालतं? विषय होता पावाच्या अनुदानाचा. ताहेर म्हणाले, ते बंदच करा. मुनीफनी त्यांना शेवटपर्यंत बोलू दिलं आणि मग शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेबांबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो, मला हे पटत नाही." असं सात वेळा. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. ताहेरांचा चेहरा उतरत गेला. तेही मुनीफना "आपले मान्यवर पाहुणे" म्हणू लागले.

जाहिराती लागल्या तसा बायकोचा, इंतिसारचा, फोन. "अहो, त्या माणसानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"मी कुठं एका शब्दानं दुखावलं त्यांना?"

"तेच म्हणतेय. टीव्हीवर इतका आदर कोण कुणाला देतं? ज्याचं तोंड बघायचं नसतं त्याला. घरच्या माणसाचं बोलणं कधी कुणी पुरं होऊ दिलंय? इथं सुहा रडत बसली आहे."

मुनीफ चपापले. चाळीस वर्षं त्यांनी हा आदर फक्त वैऱ्यांवर उगारला होता. आज मनापासून द्यायला गेले, तर तो कुणाला ओळखू येईना. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

चर्चा पुन्हा सुरू झाली. ताहेरांनी तोंड उघडलं न उघडलं तोच मुनीफनी टेबलावर थाप मारली. "पुरे, अबू यझन. जन्मात कधी स्वतः पाव विकत आणलाय का? घरी विचारा कितीला मिळतो ते."

घरच्या माणसासारखी पोराच्या नावानं, 'यझनचा बाप' अशी हाक ऐकून ताहेर सरसावले. मग खुर्ची पुढे ओढत गरजले, "अबू सुहा, तुम्ही आधी गप्प बसा. हिशेब तुम्हाला शाळेतही येत नसणार."

पुढची वीस मिनिटं कुणी कुणाचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही. सूत्रसंचालकाला तर आवरता आवरेना.

बाहेर पडताना ताहेर घाम पुसत होते. "जाहिराती चालू असताना मी यझनला फोन लावला होता," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, पोरा, शुक्रवारी जायला नको. ते मुलगी देत नाहीत."

"मग तो काय म्हणाला?"

"काहीच नाही. नुसता रडला."

"लावा पुन्हा," मुनीफ म्हणाले. "आणि माझ्याकडे द्या."