खोडरबराचा चुरा

संगणक कण्हल्यासारखा तीनदा वाजला आणि पडदा काळाच राहिला. मुलीने घड्याळाकडे पाहिलं. परीक्षेची वेळ जवळ आली होती. ती संगणकावरूनच द्यायची होती, मोबाइल चालणार नव्हता. पास झाली तर परगावच्या नोकरीचं दार उघडणार होतं आणि या घराचं दार पाठीमागे बंद होणार होतं. आई आणि ती, दोघींनाही हे ठाऊक होतं.

वडील हयात असताना घरीच संगणक दुरुस्त करायचे. त्यांची शिस्त तिच्या अंगात मुरली होती: आधी बाहेरचं पाहायचं, मग आतलं. तिने प्लग दुसरीकडे लावून पाहिला, मॉनिटरची केबल काढून पुन्हा घट्ट बसवली, कीबोर्ड आणि माउस सोडवून ठेवले. आवाज तोच. म्हणजे दुखणं रॅमचं, आतल्या स्मृतीच्या पट्टीचं. तिने वायर उपसली आणि कॅबिनेटचं झाकण सरकवलं.

रॅमची खाच रिकामी होती. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या व्यवस्थित बाहेर वळवलेल्या होत्या. रॅम सैल होते, मळते, जळतेही. पण पाय फुटून चालती होत नाही.

आई खिडकीपाशी बसली होती. मांडीवर फडकं, हातात ती पट्टी, बोटांत खोडरबर. तापलेल्या लेकराचं कपाळ पुसावं तशी ती पट्टीच्या सोनेरी कडेवरून रबर फिरवत होती. हे तिचं जुनं काम. वडील यंत्रं उघडायचे आणि पट्ट्या साफ करायची ती आई. कानाला श्रवणयंत्र लावून दिवसभर रस्त्याकडे बघत बसणाऱ्या या बाईच्या हाताला स्क्रू ड्रायव्हरची सवय आहे, हेच मुलगी विसरून गेली होती.

"आई, दे ती इकडे."

"घाण बसली होती गं. ऐन परीक्षेत बंद पडलं असतं म्हणजे?"

"झाली साफ. दे."

"घाईने पुसलं की पट्टी कामातून जाते, असं तुझे बाबा म्हणायचे."

मुलीने हात पुढे केला. आईने पट्टीची दोन्ही टोकं अंगठ्यांखाली धरून किंचित वाकवली. आवाजात साखर होती.

"ओढू नकोस. मोडेल."

मग मुलीने हातापाया पडणं तेवढं बाकी ठेवलं. दर आठवड्याला येईन म्हणाली, जम बसला की तुलाही घेऊन जाईन म्हणाली. आईने कानातल्या यंत्राला बोट लावलं आणि आज जरा कमीच ऐकू येतंय, असं सांगितलं. रबराचा करडा चुरा फडक्यावर साचत राहिला. परीक्षेची वेळ उलटल्यावर आईने पट्टीवर एक फुंकर मारली आणि ती लेकीच्या तळहातावर ठेवली.

"घे. बघ कशी लख्ख झाली."

संगणक पहिल्याच झटक्यात सुरू झाला. पडद्यावर लिहिलं होतं की परीक्षेत प्रवेशाची मुदत संपली आहे.

त्या संध्याकाळी भांडण झालं नाही. मुलीने आईला गरम गरम वाढलं, झोपताना तिच्या कानातलं यंत्र काढून रोजच्यासारखं डबीत ठेवलं.

सकाळी आईने यंत्र कानात घातलं आणि चेहरा कसनुसा केला. काही ऐकू येत नव्हतं. तिने ते टेबलावर लेकीसमोर ठेवलं. मुलगी शांतपणे कामाला लागली. आधी बाहेरचं: नळी पुसली, बटण फिरवून पाहिलं. मग आतलं: बॅटरीचं चिमुकलं झाकण उघडून उजेडात धरलं, निरखलं, मिटलं आणि हळहळून मान हलवली. डाव्या हाताची मूठ तेवढी तिने एकदाही उघडली नाही.

आई त्या मुठीकडे बघत राहिली. मग तिने पदराच्या गाठीतून खोडरबर काढलं आणि टेबलावरून हळूच लेकीपुढे सरकवलं.

मुलीने त्याला हात लावला नाही. आईला ओठ वाचता येऊ नयेत म्हणून पाठ फिरवली.

"चहा टाकते," ती म्हणाली.

ते ऐकायला घरात कुणी नव्हतं.