जुना पत्ता

साहेब गेल्यावर ऑफिसची जागा सोडायची म्हणून त्यांच्या लेकीने ताईंना बोलावून घेतलं. कपाटांतलं काय ठेवायचं आणि काय रद्दीत द्यायचं, हे ताईंशिवाय कोण सांगणार? एकतीस वर्षं त्या तिथे टंकलेखिका होत्या. साहेब आधी वकील होते, नंतर लवाद म्हणून तंटे सोडवायचे.

तिसऱ्या कपाटात पंपांची फाईल सापडली आणि ताई ती घेऊन खुर्चीत बसल्या.

तोवर साहेबांकडे देशातलेच तंटे यायचे. भागीदार भांडले, ठेकेदार अडला, की दोघं मिळून साहेबांना नेमायचे. हा पहिलाच परदेशी तंटा. इथल्या कारखान्याने पंप पाठवले होते आणि तिकडची कंपनी म्हणत होती की ते निकृष्ट आहेत. करारात लवादाचं ठिकाण हेच शहर ठरलेलं, त्यामुळे लवादाचा कायदाही इथलाच लागणार होता. साहेबांनी नवा कोट शिवला. रोज सकाळी आरशासमोर उभे राहून विचारायचे, "ताई, टाय सरळ आहे ना?"

पहिल्या सुनावणीला पंधरा दिवस उरले होते. कागदपत्रांची यादी टाइप करताना कारखान्याच्या एका जुन्या कागदावरचा पत्ता ताईंना ओळखीचा वाटला. त्यांनी बोटं थांबवली, जुनं रजिस्टर काढलं आणि साहेबांसमोर ठेवलं.

"साहेब, या कारखान्याचं आधीचं नाव वेगळं होतं. तुम्ही वकील असताना यांच्या वतीने एक नोटीस आपणच पाठवली होती. मीच टाइप केली होती."

साहेबांनी रजिस्टरातली नोंद पुन्हा वाचली. त्यांना काहीच आठवत नव्हतं.

ऑफिसातला कारकून हळूच म्हणाला, "वीस वर्षं झाली, साहेब. कोणाला कळतंय?"

"कायदा म्हणतो, आपल्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका येईल असं काहीही असलं तर लवादाने आधीच सांगायचं. देशातला तंटा असो की परदेशी, नियम एकच," साहेब म्हणाले. "उद्या निवाडा दिला आणि हे बाहेर आलं, तर कोर्ट तो रद्द करू शकतं. कोर्टाचं जाऊ दे, मला झोप लागेल का? ताई, दोन्ही पक्षांसाठी पत्र घ्या."

ते पत्र टाइप करताना ताईंनी तीन कागद फाडले. आठवड्याने परदेशी कंपनीचं उत्तर आलं. भाषा अगदी मऊ होती, पण दुसरा लवाद हवा, एवढंच तात्पर्य. साहेब बाजूला झाले. तसं मोठं काम पुन्हा कधी आलं नाही.

"माझ्या जिभेला हाड नाही," ताई डोळे पुसत म्हणाल्या होत्या. साहेबांनी नुसता चहा मागवला आणि पिठाच्या गिरणीवरून भांडणाऱ्या दोन भावांची फाईल पुढे ओढली.

"काकू, काय झालं?" फाईल धरून बसलेल्या ताईंना लेकीने विचारलं.

ताईंनी सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

लेक हसली. "मला ठाऊक आहे. बाबा घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, आमच्या ऑफिसात दोन लवाद आहेत. एकाला फी मिळते, दुसरीला नुसता पगार!"

ताईही हसल्या. त्यांनी फाईलवरची धूळ पदराने पुसली.

"ही रद्दीत जायची नाही," त्या म्हणाल्या, आणि चौथं कपाट उघडायला उठल्या.