खुर्चीचा उघडा हात

मित्रांनो, मी चौदा वर्षांची जुनी खुर्ची आहे. माझ्या पाठीला दोन पट्टे आहेत, पुढे एक फळी आहे, पाय टेकायला पाट आहे आणि डाव्या हातावर आठ खिळ्यांची भोके आहेत. पट्टे, फळी आणि पाट आकारामने बसवले. भोके नंतरची आहेत. ती कशी पडली, तेवढेच मला सांगायचे आहे.

मी गगनबावड्याकडच्या फणसाच्या लाकडाची आहे. आकाराम सुताराचे दुकान शाहूपुरीत, एका गल्लीच्या तोंडाशी होते. तो दिवाण आणि देव्हारे करत असे. एक दिवस आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका श्यामला मॅडम त्याच्याकडे कागदावरचे चित्र घेऊन आल्या. ज्या मुलांना स्वतःहून बसता येत नाही, त्यांच्यासाठी खुर्ची हवी होती. आकारामने चित्र बघितले आणि परत दिले.

"बसणारं पोर दावा आधी," तो म्हणाला. "कागदाला पाठ नसती, मॅडम."

मग तो शाळेत आला आणि पोरांची मापे सुतळीने घेऊन गेला. माझ्या हातांवर त्याने गादी घातली नाही. मॅडमनी विचारले तेव्हा म्हणाला, "राहू द्या उघडं. पोरांचं हात घासून घासून आपसूक गुळगुळीत हुतंय."

तसेच झाले. माझ्यावर आधी दोन मुले बसली, वाढली आणि मोठ्या खुर्चीत गेली. तीन वर्षांपासून क्रांती बसते. ती नऊ वर्षांची आहे. तिला बोलता येत नाही. तिची मान एका जागी राहत नाही आणि चेहरा तिच्या मनाविरुद्ध हलतो, म्हणून ती हसते की रडते हे नवख्या माणसाला कळत नाही. सांगितलेले ऐकणारा तिचा एकच अवयव आहे, डावे कोपर.

हे आधी अंबूबाईंना कळले. अंबूबाई म्हणजे आमच्या शाळेतल्या आया. त्या क्रांतीला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होत्या. "आणि पायजे काय गं?" त्यांनी सहज विचारले. क्रांतीने कोपर उचलून माझ्या हातावर आपटले. टक.

अंबूबाई थांबल्या. "पोट भरलं?" काही आवाज नाही. "आणि पायजे?" टक.

"आरं माज्या वाघा!" अंबूबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून एक टक म्हणजे व्हय, आणि काही नाही म्हणजे न्हाय. जेवण, तहान, शी-शू, ऊन, गाणे, सगळे त्यावर चालू लागले. मी तिचे लाकूड होते, त्यामुळे तिचे बोलणे माझ्यातून बाहेर पडे. शिक्षक मात्र हसत. "अंबूबाईंना सगळ्याच पोरांचं कळतं," असे म्हणत. कुठल्याही कागदावर ते कुणी लिहिले नाही.

आमच्या शाळेत परदेशातून मदतनीस येतात. एक जण चार महिने राहतो आणि जातो. सकाळी ते मुलांचे हातपाय ताणून घेतात, लाळ पुसतात, भरवतात, खुर्च्या उन्हात ढकलतात, दुपारी अंथरुणे बदलतात. पहिल्या महिन्यात प्रत्येक जण वर्गाची भिंत रंगवतो. आधीच्या हत्तीवर जिराफ येतो, जिराफावर मासे. शेवटच्या दिवशी त्यांना फेटा बांधतात, फोटो निघतो आणि ते रडतात. पहिले तीन गेले तेव्हा मुलेही रडली. चौथ्यापासून रडली नाहीत. फोटोसाठी त्यांची तोंडे पुसतात, ती पुसून घेतात.

इंग्रिड तेविसावी. ती डिसेंबरमध्ये नॉर्वेहून आली. मित्रांनो, ती वाईट नव्हती. असती तर माझी गोष्ट सोपी झाली असती. ती सगळ्यांच्या आधी यायची. भिंत रंगवण्याआधी तिने मुलांना विचारले होते, कोणता रंग. "जेवलीस काय?" हे ती अंबूबाईंच्या हेलात म्हणायची आणि स्वयंपाकघरात हशा व्हायचा.

जानेवारीत, संक्रांत झाली आणि अंबूबाई कागलला निघाल्या. लेकीचे बाळंतपण होते. जाताना त्यांनी इंग्रिडला माझ्यापाशी उभे केले.

"ह्ये बघ पोरी, टक केलं की व्हय. न्हाय केलं की न्हाय. कळलं न्हवं?"

"कळलं," इंग्रिड म्हणाली. हा शब्द म्हटला की इथली माणसे खूश होतात, हे ती पहिल्या आठवड्यातच शिकली होती.

"सव्वा महिन्यानं येतो बघ मी," असे म्हणून अंबूबाई गेल्या.

चौथ्या दिवशी अंघोळ घालताना इंग्रिडला क्रांतीचे कोपर दिसले. ते काळेनिळे होते, वर घट्टा पडला होता. तिने ते बराच वेळ हातात धरले. दुपारी ती शाहूपुरीत मोटारसायकलच्या सीटा शिवणाऱ्याकडे गेली, स्वतःच्या पैशाने दोन बोटे जाडीचा फोम आणि हिरवे रेक्झिन घेऊन आली, आणि माझ्या डाव्या हातावर आठ खिळे मारून ते बसवले. काम नीट केले होते. कडा दुमडल्या होत्या. श्यामला मॅडमनी बघून शाबासकी दिली. मला चौदा वर्षांत कुणी एवढे जपले नव्हते.

आणि माझा हात बधिर झाला.

क्रांतीने त्या दिवशी अकरा वेळा कोपर आपटले. मला प्रत्येक वेळी आत कुठेतरी जाणवले, पण बाहेर काही आले नाही. पाणी हवे का, असे इंग्रिडने विचारले. क्रांतीने आपटले. इंग्रिडने तिच्या ओठांकडे बघत टकची वाट पाहिली, मग पेला बाजूला ठेवला आणि नंतर स्वतःच्या अंदाजाने पाजला. दुसऱ्या दिवशी सतरा वेळा. आठवड्याने चार वेळा. मग एकदाही नाही. मी हे रागाने सांगत नाही. मला तेव्हा काहीच वाटेनासे झाले होते. बहुधा तिलाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणीच्या बाई आल्या. त्या वर्षातून एकदाच येतात. कोणते मूल अक्षरांच्या वर्गात जाईल आणि कोणते सांभाळ वर्गात राहील, हे त्या ठरवतात. क्रांतीला अक्षरे हवी होती. हे मला ठाऊक होते, कारण शेजारच्या वर्गात बाराखडी सुरू झाली की ती माझ्या पट्ट्यांना पुढे ओढायची.

तपासणीच्या खोलीत आयांना बसू देत नाहीत, शिक्षक आणि मदतनीस बसतात. इंग्रिड बसली. तिने क्रांतीचा उजवा हात धरला होता.

"तुझं नाव क्रांती आहे ना?" बाईंनी विचारले. "हो असेल तर कशीही खूण कर, बाळा. घाई नाही."

क्रांतीने तेरा दिवसांनी पहिल्यांदा कोपर उचलले आणि जोरात आपटले. रेक्झिनवर एक खळगा पडला आणि हळूहळू भरून आला.

"हा चेंडू लाल आहे?" खळगा. "तुला वाचायला शिकायचंय?" या प्रश्नाला तिने तीनदा आपटले.

"सारखी हालचाल होते तिची," इंग्रिड इंग्रजीत म्हणाली. "पण ती फार गोड आहे."

बाईंनी कागदावर लिहिले आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवले. "प्रतिसाद नाही. सांभाळ वर्ग."

मार्च लागला आणि अंबूबाई आल्या. नातीच्या बारशाच्या घुगऱ्या डब्यात होत्या. "घुगऱ्या खानार काय गं, मावशी झालीस तू," त्या म्हणाल्या. आवाज नाही. त्यांनी पुन्हा विचारले. मग त्यांची नजर माझ्या हातावर गेली. त्यांनी बोटाने रेक्झिन दाबले.

"ह्ये कुणी घातलं?"

"मी," इंग्रिड म्हणाली. "हाताला लागतं."

"लागू दे की! तोंड हाय त्ये तिचं! तोंडावर गादी घातलीस व्हय गं?" अंबूबाईंनी स्वयंपाकघरातून सांडशी आणली आणि खिळे एकेक करून उपटले. मग उघड्या लाकडावर स्वतःचे कोपर आपटून दाखवले. टक. "आता कळलं?"

इंग्रिडने या वेळी कळलं म्हटले नाही. ती खाली फरशीवर बसली.

ती श्यामला मॅडमकडे गेली. तपासणी पुन्हा घ्या म्हणाली. मॅडमनी पत्र पाठवले. उत्तर आले, पुढची तपासणी पुढच्या फेब्रुवारीत. पण त्याहून वाईट गोष्ट वेगळी होती. हात उघडा झाला, तरी क्रांती आपटेना. अंबूबाई रोज विचारत, पाणी, ऊन, भाकरी. ती कोपर मांडीवर ठेवून बसे. असे चार आठवडे गेले.

मार्चच्या शेवटच्या दिवशी इंग्रिडला फेटा बांधला. मुलांची तोंडे पुसून झाली. फोटो काढणारा म्हणाला, "म्याडम, खुर्चीजवळ बसा की जरा, हसा." ती बसली, पण हसली नाही. तिने क्रांतीकडे बघितले आणि तुटक मराठीत विचारले,

"क्रांती. मी चूक केली. हो?"

खोलीत सगळे फोटोसाठी गप्प होते. मी वाट बघितली. कोपर मांडीवरून हलले, वर आले, थांबले.

टक.

"बगा!" अंबूबाई ओरडल्या. "भीडभाड न्हाय पोरीला! खरं ते त्वांडावर सांगती!" आणि डोळ्याला पदर लावला. इंग्रिड फेट्यासकट वाकली आणि तिने त्या घट्ट्यावर कपाळ टेकले. फोटो हललेला आला. तो भिंतीवर लावलेला नाही.

जाण्याआधी तिने मॅडमकडून एक पाटी लिहून घेतली. ती आज माझ्या पाठीला आहे: 'हिचं हो डाव्या कोपरात आहे. हात उघडा ठेवा. विचारा आणि थांबा.' तोच मजकूर क्रांतीच्या कागदांतही पहिल्या पानावर आहे. तपासणीला अंबूबाई आत बसतील, असे मॅडमनी लिहून दिले आहे. अंबूबाई रोज रात्री कोपराला खोबरेल लावतात. लावू का विचारतात, टक झाल्यावरच लावतात.

चोविसावा मदतनीस एप्रिलमध्ये आला. भिंतीवर आता कासवे आहेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या लाकडाची एवढीच विनंती आहे. कुणाचे दुखणे दिसले तर जरूर धावून जा. फक्त हात लावण्याआधी त्यालाच एकदा विचारा, आणि उत्तर तुमच्या ओळखीच्या जागेतून येईल असे धरून चालू नका.

आज जुलैची दहा तारीख आहे. फेब्रुवारीला सात महिने आहेत. शेजारी मुळाक्षरे चालू आहेत आणि प्रत्येक अक्षरानंतर क्रांती कोपर आपटते आहे. कुणी तिला विचारलेले नाही. मी मोजते आहे. ती 'ञ'पर्यंत आली आहे.