दारचा नारळ

झाडाला यंत्र ठोकणं म्हणजे धडधाकट माणसाला सलाइन लावणं, असं आबांचं ठाम मत होतं. सुनेने बागेतल्या नारळांना खोडातल्या किडीची चाहूल घेणारे सेन्सर बसवून घेतले तेव्हा त्यांनी नुसतं नाक मुरडलं. पण एक सेन्सर उरला आणि तो तिने थेट दारच्या नारळाला बसवला, तेव्हा त्यांचं पित्तच खवळलं. ते झाड त्यांच्या बायकोने लावलेलं. बायको गेली, झाड राहिलं. आबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्या बुंध्याशी बसत आणि बायकोशी हयातभर जमलं नाही इतक्या गुण्यागोविंदाने त्याच्याशी गप्पा मारत.

आणि नेमका तोच सेन्सर बोंबलला. सुनेच्या मोबाइलवर लाल दिवा लागला.

"आबा, सोंड्या भुंगा लागलाय याला. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात, बाहेरून काही कळत नाही. मी सेन्सरवाल्याला बोलावते."

"शेंडा बघ कसा हिरवागार आहे! तुला हे झाड पहिल्यापासून डोळ्यांत खुपतंय. घरावर पडेल, घरावर पडेल, एकच धोशा. आता यंत्राकडूनही तेच वदवून घेतलंस!"

सून आत निघून गेली. आबांना वाटलं, जिंकलो. जरा वेळाने वाटलं, जास्तच बोललो. पण माघार घ्यायची सवय त्यांच्या जिभेला नव्हती.

दुपारी सेन्सरवाला आला. त्याने यंत्राला हेडफोन जोडला आणि आबांच्या कानांवर चढवला. खोडाच्या आत कुरकुर चालू होती, उंदीर पोतं कुरतडतो तशी. आबांनी हेडफोन काढला.

"तोडावं लागेल?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"बघू. अळ्या गाभ्यापर्यंत गेल्या नसतील तर औषधाने भागेल." शिडी लावून तो वर चढला आणि तिथूनच ओरडला, "अहो, या हिरव्या झावळ्या कुणी कापल्या? ताज्या जखमेच्या वासावरच तर भुंगा येतो! वर मलमही लावलं नाही. भुंग्याला जेवायचं आमंत्रणच दिलंत की!"

आबांनी मान खाली घातली. झाड जरा देखणं दिसावं म्हणून झावळ्या त्यांनीच कापल्या होत्या, सून नको नको म्हणत असताना.

"मीच कापायला लावल्या," सून म्हणाली. "अंगणात कचरा व्हायचा म्हणून."

मग काय, सेन्सरवाल्याने तिचीच हजेरी घेतली. सकाळी जिला आपण नाही नाही ते बोललो, तीच आपल्या वाटची बोलणी खातेय, हे पाहून आबांना भरून आलं.

"ए बाबा, थांब," ते म्हणाले. "खोटं बोलतेय ती. झावळ्या मी कापल्या. ही अडवत होती, मी ऐकलं नाही. वर आज सकाळी तिच्यावरच डाफरलो. काय बोलायचं ते मला बोल."

सेन्सरवाला शिडीवरून खाली उतरला. सून "चहा टाकते" म्हणून डोळे पुसत आत पळाली.

अळ्या गाभ्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. खोडाला भोक पाडून औषध सोडलं, भोक लिंपलं, कापलेल्या जागांना मलम लावलं. त्यानंतर आबा सुनेची पाठ सोडेनात. उठताबसता एकच, "बघ गं, काय म्हणतंय?" ती भाजी चिरता चिरता हात पुसून मोबाइल दाखवायची. दिवा लालचा पिवळा झाला आणि एका सकाळी हिरवा. आबा झाडाला हात लावून उभे राहिले आणि सुनेच्या देखत ढसाढसा रडले.

"तू होतीस म्हणून हे उभं आहे गं," ते म्हणाले. "तुझ्या सासूची एवढीच आठवण होती माझ्याकडे. तुझे उपकार मी कसे फेडू?"

"उपकार कसले, आबा? त्या मलाही हव्याच होत्या की," सून म्हणाली.

शेवटच्या तपासणीला सेन्सरवाला आला, तेव्हा मोठ्या खुशीत होता. "आजोबा, झाड वाचलं! या सेन्सरचा निरोप आता तुमच्याच मोबाइलवर येईल असं करून देऊ का? तुमचं लाडकं झाड."

"नको," आबा म्हणाले. "तिच्याच मोबाइलवर येऊ दे. ती सांगेल, मी ऐकेन."