अर्ध्यावर उठवलेलं कीर्तन

कीर्तनात बुवा चरण अर्ध्यावर सोडतात आणि समोरचे श्रोते तो झेलतात. सोडणं आणि झेलणं यांच्या मधे श्वासाएवढी जागा असते. तेवढीच बरी. ती वाढली, की भलतंच कोणीतरी तीत येऊन बसतं. रागिणीला हे कळलं ते अकोल्यात, डाबकी रोडवरच्या आपल्या घरी, ऐन दिवेलागणीला, आईच्या खाटेपाशी.

आईला, दुर्गाबाईंना, मागल्या उन्हाळ्यात लकवा मारून गेला. उजवा हात गेला आणि त्याहून वाईट म्हणजे शब्द गेले. जी बाई अख्खं सासर शब्दावर तोलून धरायची, ती पाण्यासाठी बोट दाखवू लागली. आणि एका संध्याकाळी अमरावतीहून नितेशचा, रागिणीच्या धाकट्या भावाचा, व्हिडिओ कॉल आला. राजापेठेत त्याचं औषधांचं दुकान. दुकानामागच्या खोलीत बसून तो आईशी बोलत होता, म्हणजे एकटाच बोलत होता, आणि बोलणं संपलं म्हणून बाबांच्या कीर्तनातलं ध्रुपद गुणगुणला, "देव हाक मारी..."

खाटेवरून स्वच्छ आवाज आला, "आपण ओ द्यावी!"

रागिणीच्या हातातली वाटी पडली. पलीकडे नितेश रडायलाच लागला.

ते ध्रुपद बाबांचं, महादेवराव बुवांचं, स्वतःचं जुळवलेलं. शेंदूरजनाघाटपासून पार सेमाडोहपर्यंत त्यांनी ते गाइलं होतं, आणि कुठंही गेले तरी बायकांच्या बाजूनं पहिली ओ आईचीच असायची. बाबा जाऊन आता वर्ष होत आलेलं. नितेशला त्यांचाच गळा मिळाला होता. रागिणीनं म्हणून पाहिलं तर आई तोंड फिरवायची. रागिणीचा सूर भाकरीसारखा, जिकडे टाकला तिकडे पडायचा.

वाचा शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोलण्याची वाट बुजली, तरी गाण्याची उघडी राहिली आहे. त्याच वाटेनं शब्द बाहेर येतील. रोज म्हणा, पण ठेका चुकू देऊ नका. त्यांचा गोंधळ झाला आणि त्यांनी गाणं सोडलं, तर हीही वाट बुजेल. मग माझ्याकडे दुसरी नाही."

म्हणून केबलचं नेट घेतलं. मोबाइलचं नेट त्या गल्लीत एक दांडी दाखवून दम टाकायचं. रोज दिवा लागला, की नितेश अमरावतीहून चरण सोडायचा आणि आई अकोल्यात झेलायची. महिनाभरात ध्रुपदाच्या पुढचे दोन चरणही तिच्या जिभेवर आले. रागिणी देवापुढं हात जोडायची आणि बाबांच्या फोटोकडे पाहायची: बाबा, तुमचं कीर्तन आईले उभी करून राहिलं.

आणि मग नेट अडखळायला लागलं.

दिवसा बघावं तर पाण्यासारखं. संध्याकाळी दिवा लागला, की नितेशचं तोंड हलायचं आणि आवाज मागून यायचा. आई ओ द्यायची, ती त्याला पोचेपर्यंत तो पुढच्या चरणावर गेलेला असायचा. दोन सूर एकमेकांवर आपटायचे. आई भांबावून थांबायची. पुढं पुढं तर ती चरण ऐकायची, ओठ उघडायची आणि ओ न देता मान वळवायची. कुठं? तर कोनाड्यात बाबांचा फोटो होता, तिकडं. कोणाचं तरी संपायची वाट पाहावी, तशी.

एकदा नितेश म्हणाला, "ताई, तुया घरात आणखी कोण आहे?"

"मी, आई. हे अजून हापिसातून आले नाईत. काहून?"

"मी चरण सोडला ना, का आई बोलायच्या आधी कोणीतरी खाकरते."

"शेजारी खाकरत असन."

"शेजारी बरोब्बर त्याच जागी खाकरते का व, ताई? रोज?"

रागिणी हसली, पण त्या रात्री पोळ्या लाटताना तिचे कान खोलीकडेच होते.

रविवारी नितेश स्वतः आला. खाटेला टेकून बसला, आईचा डावा हात हातात घेतला आणि चरण सोडला. आईनं तो असा झेलला, की जणू लकवा दुसऱ्याच कोणाला झाला होता. म्हणजे आई ठीक होती. रोग वायरीत होता. पण दुकान टाकून नितेश रोज कसा येणार? सोमवारपासून पुन्हा तेच, आणि त्या आठवड्यात आईनं तोंड उघडणंच सोडलं. चरण आला, की डोळे मिटून घ्यायची. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि नुसती मान हलवली. ती मान रागिणीच्या छातीत रुतून बसली.

केबलवाला मोईज आला. बाबा होते तेव्हा टीव्हीची वायरही यानंच जोडली होती, आणि चहा घेतल्याशिवाय शिडी लावायची नाही हा बाबांनी घातलेला नियम तो अजून पाळायचा.

"ताई, साफ बात सांगतो," बशीत फुंकर मारत तो म्हणाला, "शामला सगळी कॉलनी नेटवर बसते. कोणी मॅच, कोणी सिरियल. एकच पाइप आहे ना हो. सगळ्याईनं नळ सोडले, तर धार बारीक होणारच."

"मंग शेजारच्या गंगूबाईची धार बारीक काहून होत नाई? तिचं पोट्टं संध्याकाळीच गेम खेळते."

मोईजनं बशी खाली ठेवली. गंगूबाईंच्या घरची वायरही त्याचीच होती.

त्यानं काम मात्र मन लावून केलं. खांबापासूनची वायर बदलली. गंजलेला जोड काढून फेकला. टीव्हीकडे फुटणारी फांदी तोडली. नेटचा डबा भिंतीपासून सरकवून खाटेजवळ आणला आणि आईसमोरची टॅबलेट थेट वायरीनं जोडून दिली. दुपारी तपासलं, एकदम खणखणीत. "आता काही टेन्शन नाई," म्हणून गेला.

संध्याकाळी दिवा लागला आणि नितेशचा आवाज पुन्हा मागं पडला.

दुसऱ्या दिवशी मोईज मुद्दाम दिवेलागणीलाच आला. चहाला नको म्हणाला, तेव्हाच रागिणीला कळलं की हाही धास्तावला आहे.

"ताई, घरातलं सगळं बंद करा. तुमचा मोबाइल, टीव्ही, टॅबलेट, सगळं."

सगळं बंद केलं. घर शांत झालं. देवघरातली ज्योत आणि नेटच्या डब्यावरचे हिरवे दिवे, एवढाच काय तो उजेड. मोईज डब्यापुढं उकिडवा बसला आणि त्यानं एका दिव्यावर बोट ठेवलं. तो दिवा थांबत नव्हता. लुकलुक, लुकलुक, एखाद्याचं बोलणं अनावर व्हावं तसा.

"हा घरातून बाहेर जाणाऱ्याचा दिवा," तो हळू आवाजात म्हणाला. "यायचा रस्ता मोठा असतो, जायचा लहान. त्या लहान रस्त्यात कोणीतरी घुसलं आहे. त्याच्या मागं माँजीचा आवाज अडकते, नितेशभाऊचाही अडकते. घरात आणखी कोण आहे, ताई?"

तोच प्रश्न.

"कोणी नाई रे बापा."

खाटेवर आई जागी होती. तिनं डावा हात उचलला आणि कोनाड्याकडे बोट केलं. पाणी मागताना करायची तसं, अगदी साधं.

कोनाड्यात बाबांचा फोटो, फोटोपुढं घडी घातलेलं त्यांचं उपरणं, आणि उपरण्याच्या घडीत त्यांचा फोन. बाबा आपलं प्रत्येक कीर्तन त्या फोनवर उतरवून घ्यायचे आणि घरी येऊन चुका काढत ऐकायचे. ते गेल्यावर रागिणीनं फोन कधी विझू दिला नव्हता. दिवा लावायचा, की फोन चार्जिंगला लावायचा. दिवा शांत झाला, की वायर काढायची. तिच्या हिशेबी ती एकच गोष्ट होती. घरात नेट आल्यावर महिन्याभरानं तिनं तो फोन नेटलाही जोडून दिला होता. बाबांच्या टाळकऱ्यांच्या गटातले सकाळचे रामराम त्यांच्यापर्यंत येत राहावेत, इतकंच मनात होतं.

तिनं उपरणं उलगडलं. फोन ऊन लागत होता. झोपलेल्या माणसाच्या कपाळासारखा.

मोईजनं पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकला. "या अल्ला! हेच ते. ताई, असा फोन चार्जिंगला लागला आणि नेट भेटलं, की आपल्या आतलं सगळं वर नेटवर जमा करून ठेवते. त्याले आपल्याले सांगावं लागत नाई." त्यानं पडद्यावर बोट फिरवलं. "पण हे पाहा. एकच रेकॉर्डिंग जाऊन राहिलं. मोठं आहे. दिवा असेपर्यंत अर्धं जाते, तुमी वायर काढता, की थांबते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पयलेपासून. रोज तेच. याच्या मागं बाकीची सगळी कीर्तनं खोळंबली."

"कोणतं कीर्तन आहे ते?"

"सेमाडोह, रामनवमी."

बाबांचं शेवटचं.

त्यानं फोन नेटवरून तोडून दिला. डब्यावरचा दिवा शांत झाला. नितेशचा कॉल लागला, आवाज इतका लगेच आला की जणू तो उंबऱ्यातच उभा होता. "देव हाक मारी..."

आई गप्प.

"आई, म्हण ना व! आता साफ आहे लाइन. देव हाक मारी..."

आईनं डावा तळहात उभा केला. कीर्तन चालू असताना पोरं कुजबुजली, की ती करायची, तसाच. थांबा. आणि कोनाड्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. एखाद्याचा अपमान झालेला पाहावा, तसं काहीतरी होतं.

तेव्हा रागिणीला ते आठवलं. बाबांचा एक दंडक होता, लहानपणी तिनं तो मांडीवर झोप येत असताना ऐकला होता: कीर्तनातून अर्ध्यावर उठू नये. ऐकणाऱ्यानं उठू नये, आणि सांगणाऱ्याला तर उठवूच नये. सांगणारा तिथंच अडकून राहतो. आणि ती स्वतः काय करत होती? रोज भक्तिभावानं वायर लावून त्यांना उभं करत होती, आणि पूर्वरंग, कीर्तनाचा पहिला अर्धा, होतो न होतो तोच वायर काढून खाली बसवत होती. रोज. तीच कथा, तीच जागा.

तिनं हे नितेशला सांगितलं.

"ताई," तो म्हणाला, "पूर्वरंग संपवून उत्तररंग उचलायच्या आधी बाबा खाकरायचे. आठवते?"

मोईज शिडी उचलायची विसरून दारात उभा होता.

"मी फोन पुन्हा जोडते," रागिणी म्हणाली. "चार्जिंगची वायर काढणारच नाई. होऊ दे त्याईचं पुरं."

"अवं पण तेवढे दिवस आईचं काय? डॉक्टरीणबाईनं काय सांगितलं? वाट बुजली तर? फोन मोठा का आई मोठी, ताई?"

"आईच थांबली आहे न रे! मी नाई थांबवलं तिले. तिले पाह्य ना."

नितेशनं पडद्यातून आईकडे पाहिलं. तळहात अजून उभाच होता.

"देवाच्या मनात असन तसं," तो म्हणाला.

मोईजनं फोन पुन्हा जोडून दिला आणि जाताना म्हणाला, "दिवसा रस्ता मोकळा रायते. आरामात जातीन." तो मेलेल्या माणसाच्या फोनबद्दल नाही, एखाद्या वडीलधाऱ्याच्या प्रवासाबद्दल बोलल्यासारखं बोलला.

फोन उपरण्यावर तसाच राहिला. रागिणीनं संध्याकाळचे कॉल बंद ठेवले. सेमाडोहचं कीर्तन पुरं गेलं, त्याच्यामागं इतर निघाली, वर्षांवर्षांची. हिरवा दिवा रात्रंदिवस लुकलुकत राहिला. ती कामं उरकून कोनाड्यासमोर बसायची. ऐकू काहीच येत नव्हतं, तरी मधेच उठायची नाही. खाटेवर आई डाव्या हातानं मांडीवर ठेका धरायची, सावकाश, कधी जलद, आणि कधीतरी एकाएकी थांबून गालात हसायची. बाबा ज्या ठिकाणी विनोद करायचे, तिथं हसायची तशी. रागिणी तेव्हा फोटोकडे बघायचं टाळायची. डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, "म्हणताय ना रोज?" आणि रागिणी पहिल्यांदा खोटं बोलली. रात्री तिला झोप लागायची नाही. आपण आईची वाट आपल्या हातानं बुजवली, तर देवापुढं कोणतं तोंड घेऊन उभं राहायचं?

अशीच एक संध्याकाळ. तिनं वात सारखी केली, काडी ओढली. पाठ खाटेकडे होती, डब्याकडेही.

"पोचले."

तिला वाटलं, दारात कोणी आलं. वळून पाहिलं तर दारात कोणी नव्हतं. आई तिच्याकडे बघत होती. गाणं नव्हतं, चरण नव्हता, मागून कोणी सोडलेला सूर नव्हता. आईचा बोलण्यातला आवाज, जाडसर, जुना.

"काय म्हणाली व तू?"

"पोचले," आई पुन्हा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

रागिणीनं डब्याकडे पाहिलं. दिवा स्थिर होता. उपरण्याला हात लावला. फोन गार झाला होता.

तिनं अमरावतीला कॉल लावला. नितेशच्या मागं औषधांच्या खोक्यांची भिंत होती. बहिणीच्या चेहऱ्यावर सगळं होतं. त्यानं डोळे मिटले.

"देव हाक मारी..."

"आपण ओ द्यावी."

मधे श्वासाएवढीच जागा होती. कोणी खाकरलं नाही. तीत आता कोणीच नव्हतं, आणि बाबा गेल्यापासून रागिणी पहिल्यांदा पोटभर रडली.