दोन दारं आणि एक शिट्टी

यूअर्टने गळ्यातली शिट्टी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी मंचावरच्या खिळ्याला अडकवली. हॉलमध्ये एकच गलका उडाला.

"साक्षीदार आहात रे सगळे!" तो ओरडला. "पोरगी जिंकली तर शिट्टी तिची!"

आमच्या खोऱ्यात कुत्र्याला हुकूम द्यायची शिट्टी देणं म्हणजे कुत्रा, मेंढ्या, कुरणं, सगळाच कारभार देणं. लॉर्ना सव्वीस वर्षांची, यूअर्टची एकुलती एक लेक. चार वर्षं ती शिट्टी मागत होती आणि हा "पुढच्या हंगामात बघू" म्हणत होता. शेवटी तिने सांगून टाकलं, यंदा नाही दिलीत तर मी ऑस्ट्रेलियात लोकर कातरायला जाते. तिकडची चिठ्ठीही आली होती. नेमकं त्याच महिन्यात राजधानीतल्या, वेलिंग्टनच्या नव्या सरकारने शेतकऱ्यांचं अनुदान बंद करायचं काढलं आणि खोऱ्यात घरोघरी भांडणं लागली. मग शनिवारी दुपारी हॉलमध्ये वाद ठेवला. 'चालू ठेवा' म्हणणारा बाप, 'बंद करा' म्हणणारी लेक. सबंध खोरं लोटलं होतं, खिडक्यांतसुद्धा माणसं बसली होती. मत द्यायची रीत मेंढ्या दोन फाटकांतून वेगळ्या काढायचीच. डाव्या दारातून बाहेर पडेल तो 'चालू'वाला, उजव्या दारातून पडेल तो 'बंद'वाला. मोजायला डाव्या दारावर मेव्हिस, उजव्यावर तिचा भाऊ हेक्टर.

लॉर्ना उठली ती तावातावानेच.

"आमच्याकडे दात पडलेल्या मेंढ्या किती आहेत, सांगू?"

"घरचं चव्हाट्यावर आणू नकोस!" यूअर्ट म्हणाला. माणसं खो-खो हसली.

"आणणारच! सदतीस आहेत. ना धड लोकर, ना कोकरू. सरकार डोकी मोजून पैसे देतं म्हणून चरतायत बिचाऱ्या. गेल्या वर्षी या खोऱ्यातलं मटण कोणी घेईना, तेव्हा ते दळून खत केलं. ते खत आपण टेकडीवर टाकलं. कशाला? आणखी मेंढ्या पोसायला! अहो, आपण शेतकरी आहोत की कोण आहोत?"

अर्धा हॉल टाळ्या पिटत होता, अर्धा पाय आपटत होता. यूअर्टचेही हात टाळीसाठी वर आले होते. लक्षात येताच त्याने ते खिशात घातले.

मग तो उठला.

"मेंढ्यांचं खरं आहे," तो म्हणाला. "थोबाडात मारल्यासारखं खरं आहे. पण शाळेच्या बसमध्ये अकरा पोरं आहेत. चार घरांना कुलूप लागलं की बस बंद. मग शाळा बंद, मग हा हॉल. मग हेक्टर, तू मोजणार कोणाला?"

या वेळी कोणी हसलं नाही.

"हिची आई गेली तेव्हा दीड महिना मी चुलीकडे वळलो नाही. रोज संध्याकाळी दारात झाकलेलं भांडं असायचं. कधी या घरचं, कधी त्या. ती घरं याच पैशावर उभी होती. सरकार मेंढीला पैसे देत नाही रे. शेजाराला देतं."

लॉर्नाने हातातला कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

मग दोन्ही दारांवर झुंबड उडाली. हेक्टर जन्मभर मेंढ्या तीन-तीनने मोजत आलेला. एखादं जोडपं बाहेर पडलं की त्याचा जीव जायचा.

"तिघं तिघं या रे! माझं गणित बिघडतंय!"

सगळ्यांत शेवटी त्याच्यासमोर यूअर्ट उभा राहिला. हेक्टरचं बोट हवेतच राहिलं.

"लेका, दार चुकलास!"

"मोज गपचूप."

बाहेर पडून यूअर्ट हॉलला वळसा घालून अंगणात आला. समोरून, डाव्या दाराच्या घोळक्यातून, लॉर्ना येत होती.

"तीन मतांनी 'चालू'!" मेव्हिसने पुकारलं. "आणि या बापलेकींनी एकमेकांची मतं खाल्ली हो!"

अंगणात हसण्याचा स्फोट झाला.

"माझ्या दारातून कशाला गेलीस?" यूअर्टने विचारलं.

"ती भांडी आठवली. आणि तुम्ही?"

"सदतीस," तो म्हणाला.

तो आत गेला आणि शिट्टी घेऊन आला. आता गळ्यात घालणार, असं तिला वाटलं. त्याने ती तिच्या तळहातावर ठेवली.

"मी हरले ना, बाबा."

"पैज गेली खड्ड्यात. टिबला बोलाव."

टिब, त्याची मेंढ्या राखणारी कुत्री, गाडीच्या मागच्या फळीवर बसून होती. आठ वर्षांत तिने ती शिट्टी एकाच तोंडून ऐकली होती. लॉर्नाने फुंकली. टिब ताडकन उठली, कान टवकारले आणि यूअर्टकडे बघू लागली. लॉर्नाने पुन्हा फुंकली. टिबची नजर हलेना. तिसऱ्यांदा तर लॉर्नाला शिट्टी नीट वाजवताच येईना.

यूअर्टने टिबकडे पाठ फिरवली. हॉलच्या भिंतीवरची नोटीस तो मोठमोठ्याने वाचू लागला, चष्मा घरी राहिला असूनही.

पाठीमागे शिट्टी वाजली, मग खडीवर टिबची पावलं वाजली. ती त्याच्याकडे आली नाहीत.