उलव्याच्या फ्लॅटखाली दबलेली सूचना

ॲडमिनसाहेब, तुम्ही मला खाली ढकललंत. मला लिहिणाऱ्या गीतांजलीताईंना एका शब्दानं विचारलं नाहीत. माझ्या जागेवर उलव्याच्या फ्लॅटची जाहिरात बसवलीत. ग्रुप प्रोग्रामिंगचा आणि वर फ्लॅट! लाज नाही वाटली?

मित्रांनो, मी एक जुनी सूचना आहे. घणसोलीतल्या पोरापोरींनी प्रोग्रामिंग शिकायला मोबाईलवर ग्रुप काढला, त्याच्या डोक्यावर मला पिन करून लावलं होतं. आमच्या ग्रुपात तिथं जागा एकाच सूचनेची. ग्रुप उघडला की आधी मी दिसायची.

माझा जन्म रागातून झाला. कुणीतरी स्क्रीनचा आडवा फोटो टाकून विचारलं, "हे का चालत नाही?" ऐरोलीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या गीतांजलीताई मान वाकडी करकरून वैतागल्या आणि डबा खाताखाता एका हातानं त्यांनी मला लिहिलं. फोटो नको, कोड टाईप करा. एरर, म्हणजे संगणकाची तक्रार, जशीच्या तशी टाका. काय करून पाहिलंत तेही सांगा. शुभेच्छा आणि जाहिराती दुसरीकडे. संपलं. ना फूल, ना हसरा चेहरा.

दिसायला रुक्ष, पण कामाची होते मी. कुणी अर्धवट विचारलं की लोक सांगायचे, "भावा, आधी वरचं वाच." सुधीर नावाचा एकजण माझं ऐकून प्रश्न सविस्तर लिहायला बसला आणि मध्येच त्यानं टाकलं, "अरे, सापडलं! लिहितालिहिताच चूक सापडली!" आभार मानले ते गीतांजलीताईंचे. लाल बदामही त्यांनाच. मला कधी एक बदाम मिळाला नाही. म्हटलं, असू दे. जागा तर माझी आहे.

मग ही बया आली. निळा स्विमिंग पूल, गॅलरीत हसणारी गोरी बाई, खाली 'विमानतळ हाकेच्या अंतरावर'. आल्याआल्या बदामांचा पाऊस! हो मित्रांनो, मी जळते. सवतीवर जळावं तशी जळते. त्या पुलात उतरून कुणाचा प्रोग्राम चालणार आहे?

त्याच आठवड्यात तळवलीची क्रांती ग्रुपमध्ये आली. घरीच मोबाईलवर बघून शिकलेली. रबाळ्याच्या एका कारखान्यानं तिला नोकरीच्या परीक्षेसाठी छोटा प्रोग्राम करायला दिला होता आणि संध्याकाळपर्यंत तो पाठवायचा होता. वर तिला मी दिसलेच नाही. दिसला पूल. तिनं घाईघाईत स्क्रीनचा फोटो टाकला. "चालत नाहीये. प्लीज कुणीतरी बघा. नोकरीचं आहे, संध्याकाळपर्यंतच वेळ आहे." एररच्या ओळीवर नेमका ट्यूबलाईटचा उजेड पडलेला.

वरद नावाच्या टवाळानं लिहिलं, "ताई, ट्यूब मस्त पेटलीय. एरर कुठाय?"

"मग काय पाठवू, दादा?" तिनं विचारलं.

मित्रांनो, याचंच उत्तर मी होते! खाली गाडलेली, मुकी. वरद काही सांगणार, तेवढ्यात हरेशभाईंनी जाहिरातीखाली विचारलं, "कार्पेट एरिया किती पडतो?"

झालं. सगळे तिकडे धावले.

"पार्किंग आहे का?"

"लोन होतं का, साहेब?"

"पाणी चोवीस तास येतं ना, की टँकरचं टेन्शन?"

साहेब, तुम्ही एकेकाला प्रेमानं उत्तर देत होतात. वरदही तिथंच, पार्किंग विचारत. क्रांतीचा प्रश्न वर सरकत सरकत दिसेनासा झाला.

कामावरून सुटल्यावर गीतांजलीताईंना तो सापडला. "क्रांती, एररची ओळ टाईप करून पाठव गं, लगेच बघते."

"राहू द्या ताई. वेळ संपला," तिनं लिहिलं आणि ती ग्रुप सोडून गेली.

ताई तुम्हाला म्हणाल्या, "सर, ती सूचना परत वर लावा."

तुम्ही म्हणालात, "अगं, बुकिंग संपेपर्यंत थांब ना. सगळ्यांच्याच फायद्याचं आहे."

मित्रांनो, तुमच्या ग्रुपवर माझ्यासारखी एखादी असेल तर तिला वाचा, तिची जागा कुणाला देऊ नका. आणि कुणी अडून विचारत असेल, तर आधी त्याला उत्तर द्या. पार्किंग पळून जात नाही.

आणि साहेब, तुम्ही म्हणालात 'सगळ्यांच्या'. त्या सगळ्यांत क्रांती होती की नव्हती? फ्लॅटच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलंत ना? मग याचंही द्या. इथंच, सगळ्यांसमोर द्या.